कचऱ्याचा बॅकअप

"राखेकडे कुणी बघत नाही गं, बाई. म्हणून बी राखेत ठेवायचं."

कृष्णामावशीचा हा आवाज यामिनीला अधूनमधून ऐकू यायचा. आर्वीजवळच्या खेड्यात मावशी परसात बसायची, चुलीतली राख चाळून घ्यायची, तीत दोडक्याचं, वांग्याचं, चवळीचं बी कालवायची आणि मडक्यात भरून वर फडकं बांधायची. मग हात झटकत आपल्याशीच गुणगुणायची,

मडकं राखेचं, राखेत निजलं बी
चोर म्हणे राख, कीड म्हणे जाते मी

यामिनी तेव्हा फ्रॉकातली पोर होती. राखेत बोटं घालून बी चाचपायची आणि मावशीचा धपाटा खायची. पुढे ती नागपूरला बॉटनीत एम.एस्सी. झाली, लग्न होऊन न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आली, आणि तिच्या पासपोर्टवर 'डिपेंडंट' असा शिक्का बसला. नवरा कामाच्या व्हिसावर, बायको त्याच्या आधारावर; बायकोनं नोकरी करायची नाही. त्या शब्दाचा अर्थ आईनं फोनवर विचारला तेव्हा यामिनी म्हणाली, "पदरात पडलेली."

नवऱ्याचं नाव सिद्धेश. माणूस दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवत नव्हता. त्याला फक्त सगळं कळत होतं. गाडीत बसला की पुढच्या गाडीवाल्याला चालवता येत नसे, टीव्ही लावला की बातम्या सांगणाऱ्याला बोलता येत नसे, आणि कॉम्प्युटर तर त्याच्याशिवाय जगात कुणालाच येत नसे. कंपनीत तो लोकांच्या मशिनी सांभाळायचा. त्या लोकांना तो 'यूजर' म्हणायचा, आणि तो शब्द त्याच्या तोंडून असा निघायचा की ऐकणाऱ्यानं हात धुवावेत. घरात यूजर एकच होती.

काही घरांत शनिवारी मारुतीला तेल घालतात. यांच्या घरी शनिवारी बॅकअप असायचा. अंघोळ करून, चहा पिऊन सिद्धेश हॉलमधल्या टेबलाशी बसायचा आणि म्हणायचा, "आउटलुक बंद करतोय. कुणी हात लावायचा नाही." हात लावणारी एकटी यामिनीच, ती पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत असायची.

त्याची व्यवस्था अशी होती. घरातल्या सगळ्या मेल, म्हणजे त्याच्या, तिच्या आणि महाराष्ट्र मंडळाच्याही, सर्व्हरवरून या एका मशीनवरच्या आउटलुकात उतरायच्या आणि एकाच फाइलीत जाऊन बसायच्या. उतरल्या की सर्व्हरवर मागे काही राहत नसे. तशी सेटिंग त्यानंच केली होती. त्या फाइलीला तो 'पीएसटी' म्हणायचा आणि म्हणताना गाभाऱ्यातलं काही सांगत असल्यासारखा आवाज खाली आणायचा. ही फाइल दोन जीबीच्या वर गेली की उघडेनाशी होते, म्हणून तो तिच्या वजनावर डोळा ठेवून असायचा. दर शनिवारी तिची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर जायची. मागच्या शनिवारची प्रत असायचीच. तिच्यावर नवी चढायची. प्रत कायम एकच.

"दोन ठेवल्या तर?" यामिनीनं एकदा विचारलं होतं.

"शिळ्या भाकऱ्या रचून ठेवतेस का तू?"

ठेवायची ती. शिळ्या भाकरीचा कुस्करा तो आवडीनं खायचा. पण ती काही बोलली नाही. न बोलणं ही तिच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू होती. लग्नात आलेल्या मिक्सरपेक्षाही जुनी.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की तो इनबॉक्स चाळायचा. तिच्या मेलही. "वाचत नाही, मॅनेज करतो," असं म्हणायचा. तिच्या नावाचा एक फोल्डर त्यानं करून दिला होता, 'वाय मिसलेनियस'. तिचं जे काही असेल ते त्यात. म्हणजे किरकोळ.

आता या किरकोळ बाईचं काय चाललं होतं ते सांगायला हवं.

आदल्या वर्षी पानगळीत ती एकटीच नदीकाठच्या पार्कात चालायला जायला लागली. तिथल्या मेपलच्या खोडांवर तिला ओळखीचं काहीतरी दिसलं. राखाडी, कडेनं दुमडलेलं, हाताला कुरकुरणारं. दगडफूल. गोड्या मसाल्यात टाकतात ते नव्हे, पण त्याचंच सासर-माहेरचं कुणीतरी. बुरशी आणि शेवाळ दोघं मिळून संसार करतात तेव्हा दगडफूल होतं. एकानं घर बांधायचं, दुसऱ्यानं अन्न शिजवायचं, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला यूजर म्हणायचं नाही. एम.एस्सी.ला तिनं हाच विषय घेतला होता. खोडाला नाक लावून ती अशी उभी राहिली की कुत्रा फिरवणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, बरं वाटतंय ना.

तिनं फोटो काढला आणि तिथल्या विद्यापीठातल्या डॉ. हॅलोरन नावाच्या बाईंना पाठवला. हे काय आहे, एवढंच विचारलं. बाईंनी उलट विचारलं, हे कुठे दिसलं, आणि आणखी कुठे कुठे दिसतं ते बघाल का. हवा घाण झाली की दगडफूल आधी मरतं. ते परत आलं असेल तर नदीकाठची हवा सुधारली असेल. पण तसं म्हणायला कुणीतरी झाडोझाड फिरायला हवं.

यामिनी फिरली. ज्या झाडांपाशी पानगळीत गेली होती त्याच झाडांपाशी हिवाळाभर गेली. बर्फात गुडघ्यापर्यंत पाय रुतायचे, हातमोजा काढून कॅमेऱ्याचं बटण दाबेपर्यंत बोटं बधिर व्हायची. घरी येऊन वर्णन लिहायची. रंग, कड, कुठल्या दिशेला, खाली साल कशी. पानगळीचं बाईंना पोचलं होतं; हिवाळ्याचं पूर्ण झालं की एकदम द्यायचं होतं. बाईंनी मार्च अखेरीस कळवलं: पीएच.डी.साठी जागा आहे. व्हिसा बदलून विद्यार्थ्याचा करता येईल. असिस्टंटशिप, म्हणजे फी माफ आणि वर पगार, हवी असेल तर हिवाळ्याचं सगळं काम एप्रिलातल्या एका गुरुवारी समितीपुढे ठेवावं लागेल. पगाराशिवाय जाणं म्हणजे सिद्धेशपुढे हात पसरणं, म्हणजे न जाणंच.

हे सगळं होतं त्याच मशीनवर. फुकटच्या मेलमध्ये चार फोटोंत जागा संपायची. कॅमेऱ्याचं कार्ड मंडळाच्या कार्यक्रमांसाठी रिकामं करून द्यावं लागायचं. फोटो फोल्डरात ठेवले तर संध्याकाळी प्रश्न येणार, आणि प्रश्नाच्या मागून ते हसणं. एकदा खोडाशी थांबलेली बघून तो हसला होता, "शेवाळ बघायला आलीस अमेरिकेत?" तिला हसण्याचं वाईट वाटलं नाही. शेवाळ म्हणाल्याचं वाटलं.

म्हणून ती फोटो आणि लिखाण स्वतःलाच मेल करायची, आणि ती मेल, बाईंच्या मेलही, आलेल्या-गेलेल्या सगळ्या, दुपारीच वाचून डिलीट करायची. डिलीट केलं की ते जात नाही, 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जाऊन बसतं, हे तिला एकदा चुकून कळलं होतं. सिद्धेश सगळं घर चाळायचा, पण कचऱ्याच्या फोल्डरवर त्याचा माउस कधी थांबला नव्हता. उंचीचा अभिमान असलेल्या माणसाला वाकायची सवय नसते. दर शनिवारी तो स्वतःच्या हातानं तिचं काम बाहेरच्या डिस्कवर नेऊन ठेवायचा, आणि घड्या घालता घालता ती मनात म्हणायची, वाहा, गाढवा, वाहा.

समितीच्या गुरुवाराआधीच्या शनिवारी देवदत्त आणि राधिका जेवायला आले. देवदत्त सिद्धेशचा कॉलेजपासूनचा मित्र, राधिका त्याची बायको, एडिसनच्या एका बँकेत कामाला. मागच्या महिन्यात देवदत्तच्या सगळ्या मेल बिघडल्या होत्या, म्हणून सिद्धेश आज त्याला बॅकअप कसा घ्यायचा ते दाखवणार होता. खरं तर देवदत्तला फक्त साबुदाणावडे हवे होते.

"तू आउटलुक चालू ठेवून फाइल कॉपी केलीस," सिद्धेश म्हणाला. "चालत्या गाडीचं ऑइल बदललंस तू."

"मला काय माहीत यार."

"माहीत नसतं म्हणूनच तर आमची पोटं भरतात."

"तुझं पोट भरलंय ते दिसतंय," राधिका सोफ्यावरून म्हणाली. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये फक्त एक कट्टा होता. यामिनी वडे थापत होती. तिला सगळं ऐकू येत होतं, आणि स्क्रीनही दिसत होता.

"आता बघ. ही माझी पीएसटी." सिद्धेश पुढे झुकला आणि थांबला. "एवढी कशी सुजली? दोन जीबीला टेकलीच की."

यामिनीच्या हातातला वडा जरा जास्तच दाबला गेला.

त्यानं फोल्डरांची वजनं काढली. मग खुर्ची मागे ढकलून मोठ्यांदा हसला. "डिलीटेड आयटम्स. अर्ध्याहून जास्त वजन कचऱ्याचं. आमच्या घरात कचरा सुद्धा बाळसं धरतो बघ." मान वळवून तो म्हणाला, "यामिनी, काय काय मागवतेस गं? सूर्योदय? गुलाब? हा मेल दहा जणींना पाठवा, नाहीतर देवी कोपेल?"

"राहू दे तो फोल्डर," यामिनी म्हणाली.

"राहू दे काय. यानं फाइल फुटेल."

"आधी आहे तशी कॉपी घे ना, मग साफ कर," देवदत्त म्हणाला. तो काही फार विचार करून बोलला नव्हता. गाडी धुण्याआधी काच वर करा, इतक्या सहज बोलला.

"कचऱ्याचा कोण बॅकअप घेतं रे?" सिद्धेश म्हणाला, आणि त्या वाक्यावर तो स्वतःच इतका खूश झाला की परत एकदा म्हणाला. बोलता बोलता त्यानं फोल्डर रिकामा केला. खात्री आहे का, असं मशीननं विचारलं. मशीनला नवरेपण कळत नाही, म्हणून ते विचारतं. त्यानं होय केलं आणि लगेच फाइल आवळायचा हुकूम सोडला. "हे बघ, नुसतं रिकामं केलं तर आतली जागा तशीच राहते. कॉम्पॅक्ट केलं की पुसलेलं खरोखर जातं. हे कुणाला माहीत नसतं."

निळी पट्टी भरत होती. यामिनीनं तेल घातलेली कढई तशीच सोडली आणि पीठ लागलेल्या हातांनी ती टेबलाशी आली. डोक्यात एकच होतं: बाहेरची डिस्क. गेल्या शनिवारची प्रत तिथे अजून होती. हिवाळा अजून तिथे होता.

"सिद्धेश, त्या डिस्कवरची जुनी फाइल ठेव. नवी वेगळ्या नावानं घाल."

त्यानं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं. खुर्ची बोलली असती तर पाहिलं असतं तसं. "का?"

"ठेव म्हणते ना."

"कारण सांग."

कारण तिच्या घशात होतं. राधिका बघत होती, देवदत्त बघत होता. ते कारण इथे, या हसणाऱ्या माणसापुढे, पिठाच्या हातांनी काढून ठेवायचं म्हणजे उगवलेलं बी उपटून मुळं दाखवायची.

"त्यात माझं काम आहे," ती म्हणाली.

"काम." त्यानं तो शब्द तळहातावर घेऊन वजन केल्यासारखा उच्चारला. देवदत्तकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? हे प्रत्येक यूजर म्हणतो. माझं काम आहे, माझं महत्त्वाचं आहे. आणि ठेवतात कुठे? कचऱ्यात. आमच्या ऑफिसातली एक बाई अशीच रडत आली होती. मी तिला सांगितलं, बाई, कचऱ्यात ठेवलेलं ते कचराच."

"अरे, थांब की जरा," देवदत्त म्हणाला. "वहिनी म्हणतायत तर."

"शिस्त म्हणजे शिस्त." आउटलुक त्यानं नीट बंद केलं, घाई न करता, शिकवत शिकवत. फाइल डिस्कवर टाकली. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असं मशीननं विचारलं.

"सिद्धेश, नको."

हसता हसताच त्यानं होय केलं.

स्क्रीनवर एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात कागदाची पानं उडायला लागली. ती पानं बघत यामिनी उभी राहिली. जानेवारीतलं ते वाकडं ओकचं झाड गेलं, ज्याच्या उत्तरेच्या अंगाला पिवळं दगडफूल हळदीच्या बोटासारखं उमटलं होतं. पुलाजवळचा मेपल गेला. बर्फ वितळला त्या सकाळी पाणी पिऊन हिरवी झालेली कड गेली, जी दुपारी पुन्हा राखाडी झाली होती आणि जी तिच्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. दळण संपल्यावर जातं थांबावं तशी पट्टी थांबली. कुणाच्या घरी पीठ पडलं, कुणाच्या हाती खुंटा राहिला.

"झालं," सिद्धेश म्हणाला. "बघ, निम्मी झाली. आता वडे."

यामिनी स्वयंपाकघरात गेली. तिनं गॅस बंद केला, हात धुतले, एकेक बोट पुसलं. मग कट्ट्यावरचा फोन उचलून नंबर फिरवला. शनिवारी लॅबमध्ये कुणी नसतं हे तिला ठाऊक होतं. आन्सरिंग मशीनचा आवाज संपेपर्यंत ती थांबली, आणि तिच्या सावकाश, स्वच्छ इंग्रजीत बोलायला लागली. हॉलमधले तिघेही ऐकत होते.

"डॉक्टर हॅलोरन, मी यामिनी. पानगळीचं काम तुमच्याकडे आहे. हिवाळ्याचं सगळं आज गेलं, त्याची दुसरी प्रत नाही. झाडं तिथेच आहेत, दगडफूलही आहे, पण हिवाळा मला परत आणता येणार नाही. गुरुवारी जे उरलंय तेवढं घेऊन मी येईन. त्यावर पैसे द्यायचे की नाही ते समितीनं ठरवावं. तुमच्या जागेला माझा होकार आहे. पैसे मिळाले नाहीत तरी दुसरी वाट शोधेन, पण होकार आहे."

तिनं फोन ठेवला.

राधिकानं हळूच देवदत्तच्या हातातली चिवड्याची बशी काढून टेबलावर ठेवली. तो घास तोंडात धरून बसला होता.

"कोण हॅलोरन?" सिद्धेशनं विचारलं.

"विद्यापीठात आहेत. मला पीएच.डी.ला घेतायत."

"तुला?"

त्या एका शब्दात त्याचं सगळं आयुष्य होतं. राधिकानं घसा खाकरला.

"आणि ते गेलं म्हणतेस ते या कचऱ्यात होतं?" आता त्याचा चेहरा जरा उतरला. पण उतरता उतरताही त्याला एक पायरी सापडली. "तू मला आधी सांगायचंस. मी तुला वेगळी पीएसटी करून दिली असती. पासवर्डसकट. व्यवस्थित फोल्डर लावून दिले असते. असं कुणी कचऱ्यात ठेवतं का? थांब, रिकव्हरीचं एक टूल आहे." तो मशीनकडे वळला, काहीतरी उतरवायला लागला, बोटं भराभर चालायला लागली. "यातून काहीही परत येतं. तुम्हाला वाटतं गेलं, पण जात नाही."

"कॉम्पॅक्ट केल्यावर?" देवदत्तनं विचारलं.

सिद्धेशनं बटण दाबलं. टूल फिरलं, एक रिकामा चौकोन दाखवून थांबलं. त्यानं ते पुन्हा फिरवलं. पुन्हा रिकामा चौकोन. बाहेर पार्किंगमध्ये कुणाचं तरी पोर सायकलची घंटी वाजवत होतं.

"डिस्कवरची जुनी?" राधिका म्हणाली.

"ती... तिच्यावर नवी गेली ना."

"म्हणजे आत्ता तुझ्याकडे दोन फाइली आहेत आणि दोन्हींत काही नाही."

"तसं नाही म्हणता येणार. टेक्निकली—"

"सिद्धू, बस कर," देवदत्त म्हणाला.

यामिनी कट्ट्याला टेकून त्याच्या पाठीकडे बघत होती. खुर्चीत तो जरा लहान झाला होता. क्षणभर तिला दया येईल की काय असं वाटलं. तिनं वाट पाहिली, पण ती आली नाही.

तो फिरला. "एवढ्या सगळ्या महिन्यांत मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही? नवरा आहे मी तुझा. अख्खं मंडळ माझ्याकडे सल्ला मागायला येतं. ऑफिसातले डायरेक्टर मला फोन करतात. अशी काय भीती होती तुला माझी?"

"भीती नव्हती," यामिनी म्हणाली.

"मग?"

राधिका उठून पर्स शोधायला लागली. यामिनीनं तिला हातानंच बसायची खूण केली. हे ऐकायला कुणी असलं तरी आता तिची हरकत नव्हती. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही. इतक्या वर्षांत ते वाक्य आतल्या आत घासून घासून इतकं गुळगुळीत झालं होतं की ते सहज बाहेर आलं.

"तू मला कधीच हुशार वाटला नाहीस, सिद्धेश. मला बघायला आलास त्या दिवशी सुद्धा नाही."